नंबर निघाला नाही

वाचताना आपले डोळे ओळीवरून सरकत जातात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते उड्या मारतात. एका जागी सेकंदाच्या पाव भागाइतकं थांबायचं, तेवढ्यात काही अक्षरं टिपायची, की पुढची उडी. उडी चालू असताना कामाचं काहीच दिसत नाही; ती फट मेंदू बेमालूम बुजवून टाकतो. मधूनच एखादी उडी मागे पडते, आणि ओळ संपली की डाव्या टोकाला लांब झेप. मी प्रुफं तपासते, त्यामुळे ह्या फटींवरच माझं पोट चालतं म्हणायला हरकत नाही. 'परिस्थिती'तली पहिली वेलांटी चुकून दुसरी पडली, तर लेखक, संपादक आणि जुळणी करणारा अशा सगळ्यांच्या नजरेतून ती सुटते, कारण मेंदू शब्द ओळखून मोकळा झालेला असतो. म्हणून जुने मुद्रितशोधक ओळीखाली पट्टी धरत. मी अजून धरते. पीडीएफ आली तरी आधी प्रिंट काढते आणि लाकडी पट्टी घेऊन बसते, घरातले हसतात.

ह्या उड्यांची दखल घेणाऱ्या पहिल्या काही जणांत पॅरिसचे नेत्रतज्ज्ञ एमिल जावाल होते, १८७०च्या दशकाच्या शेवटी. मुळात खाणींचे इंजिनिअर. वडील तिरळे, बहीण सोफी तिरळी. तेवढ्यापायी हा माणूस खाणी सोडून डोळ्यांत शिरला. त्या काळच्या शस्त्रक्रियेवर विसंबून न राहता दोन्ही डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवायची आणि ती एकत्र जुळवून घ्यायची सवय लावायची, असा खटाटोप त्यांनी स्टिरिओस्कोप घेऊन वर्षानुवर्षं केला. आज शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यांवर 'व्हिजन थेरपी' अशी पाटी दिसते, तिचं एक मूळ तिथे आहे. आयुष्याच्या उत्तरार्धात जावाल स्वतः काचबिंदूने आंधळे झाले.

मला हे जावाल भेटले ते भाच्यामुळे. त्याला इथे बंड्या म्हणते, कारण खरं नाव घातलं तर तो मला सोडणार नाही. बंड्या चौथीत. मोठ्याने वाचायला उभा केला की एक ओळ गाळायचा, नाहीतर तीच ओळ पुन्हा वाचायचा आणि वर्ग हसला की पुस्तक मिटून बसायचा. बोट ठेवून वाचलं तर बरं जमायचं, पण चौथीत बोट ठेवून वाचायचं नाही असा बाईंचा दंडक. गृहपाठाला बसला की पंधरा-वीस मिनिटांत डोकं धरायचा. दादा-वहिनी त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा त्याने धडाधड वाचली. सहा बाय सहा. नंबर निघाला नाही, म्हणजे डोळे ठणठणीत, म्हणजे नाटकं.

माझ्या आईचं म्हणणं तर ठरलेलं. "अभ्यास म्हटलं की बरं ह्याचं डोकं दुखतं. टीव्ही बघताना कसं दुखत नाही?"

आईने हे टोमणा म्हणून म्हटलं होतं. पण पुढे ज्या ऑप्टोमेट्रिस्ट (दृष्टी तपासणाऱ्या, पण वैद्यकीय डॉक्टर नसलेल्या तज्ज्ञ) बाईंकडे आम्ही गेलो, त्यांनी हे ऐकलं आणि कागदावर लिहून घेतलं. टीव्ही दहा फुटांवर असतो, पुस्तक हातभरावर. लांब बघताना डोळे जवळपास समांतर राहिले तरी चालतं. जवळ बघायला मात्र दोघांनी आत वळावं लागतं, तेही मोजून, आणि वाचन चालू असेपर्यंत तसंच राहावं लागतं. प्रत्येक डोळ्याला बाहेरून सहा स्नायू. एका जुवाला बांधलेले दोन बैल म्हणा. लांबच्या मोकळ्या रस्त्याला कसेही चालतील, पण वळणावर एक जरी बाहेर ओढायला लागला तर गाडीचं काय होईल ते सांगायला नको.

तो सहा बाय सहाचा तक्ता हर्मन स्नेलेन ह्या डच डॉक्टरांनी १८६२ साली बनवला, आणि जे मोजायला बनवला ते तो आजही चोख मोजतो. सहा मीटर अंतरावरून, एक डोळा झाकून, एका वेळी एक अक्षर. शाळेतलं वाचन म्हणजे नेमकं ह्याच्या उलट: हातभर अंतर, दोन्ही डोळे उघडे, आणि शेकडो अक्षरं ओळीने. तक्त्याच्या परीक्षेत पहिला आलेला मुलगा दुसऱ्या परीक्षेत नापास होऊ शकतो, आणि बहुतेक शाळांत ही दुसरी परीक्षा कुणी घेतच नाही.

ती घ्यायला लागते एक पट्टी. आइस्क्रीमची असते तशी लाकडी काडी, टोकाला बारीक चित्र चिकटवलेलं. बाईंनी ती बंड्याच्या नाकासमोर हातभरावर धरली आणि हळूहळू जवळ आणायला लागल्या. "चित्राकडे बघ. दोन दिसले की सांग." मी शेजारीच होते. त्याची बुबुळं आत आत येत गेली आणि काडी नाकापासून वीतभर असताना उजवा डोळा सुटला. अक्षरशः सुटला, कडेला, कानाच्या दिशेने निघून गेला आणि तिथेच राहिला. बंड्या गप्प. काडी आणखी जवळ आली. तो गप्पच.

"दोन दिसत नाहीत?"

"दिसतात की."

"मग सांगितलं नाहीस?"

"नेहमीच दिसतात."

त्याला वाटत होतं, सगळ्यांनाच पुस्तक असं दिसतं. अक्षरं अंगावर अंगावर येतात, मध्येच दुहेरी होतात, मग डोळे चोळले की थोडा वेळ थांबतात. बाकीची मुलं ह्यातूनच वाचतात आणि आपल्याला तेवढं जमत नाही, इतकाच त्याने अर्थ लावला होता. मुलं तक्रार करत नाहीत ती बऱ्याचदा ह्याच कारणाने. तक्रार करायला वेगळं काहीतरी माहीत असावं लागतं.

त्या वयाच्या मुलाचे डोळे काडी नाकापासून साधारण सहा सेंटीमीटरवर येईपर्यंत साथ सोडत नाहीत. बंड्याचा एक डोळा त्याच्या कितीतरी आधी निघून जात होता. ह्याला कन्व्हर्जन्स इनसफिशिअन्सी म्हणतात. आमच्या घरात ह्याचं नाव 'डोळा सुटतो' असंच राहिलं.

थेरपीची खोली बघून मी जराशी निराश झाले होते. पाटी पाहून काहीतरी मोठं यंत्र असेल असं वाटलेलं. खोलीत काय, तर भिंतीवर अक्षरांचे तक्ते, लाल-हिरव्या काचांचे चष्मे, छताला दोरीने टांगलेला अक्षरं लिहिलेला चेंडू, उभं राहून तोल सांभाळायची एक फळी आणि दाराच्या कडीला बांधलेली मण्यांची दोरी. एखाद्या बालवाडीत शोभावं असं सामान.

ती दोरी मात्र मला अजूनही ह्या सगळ्यातली सर्वांत हुशार वस्तू वाटते. न्यूयॉर्कचे ऑप्टोमेट्रिस्ट फ्रेडरिक ब्रॉक ह्यांच्या नावाने ती ओळखली जाते. पांढरी सुती दोरी, तिच्यात ओवलेले रंगीत लाकडी मणी, मागेपुढे सरकवता येतात असे. एक टोक कडीला, दुसरं नाकाच्या शेंड्याला टेकवून धरायचं आणि मधल्या मण्याकडे बघायचं. मी करून पाहिलं. दोरी एकच आहे हे ठाऊक असूनही दोन दिसल्या. माझ्या दोन डोळ्यांपासून निघालेल्या, मण्यापाशी एकमेकींना छेदून पुढे गेलेल्या. मणी एक, पण त्याच्या पुढचे-मागचे मणी दोन दोन. हा दोष नव्हे. असंच दिसायला हवं. प्रत्येक डोळा आपापल्या बाजूने दोरी बघतो, आणि नजर जिथे जुळते तिथेच ती एक होते. एरवी मेंदू हे दुहेरीपण आपल्या कानावरही घालत नाही. दोरी ते उघड्यावर आणते.

म्हणजे डोळे आत्ता कुठे जुळताहेत हे मुलाला स्वतःलाच दिसतं. फुली मण्यावर पडली तर बरोबर. मण्याच्या अलीकडे पडली तर डोळे जास्त वळले, पलीकडे पडली तर कमी. शिकवणाऱ्याने "नीट बघ, नीट बघ" म्हणत बसायला नको. बंड्याने पहिल्यांदा दोरी नाकाला लावली आणि म्हणाला, "आत्या, एकच आहे." बाईंनी त्याच्या दोन्ही डोळ्यांसमोर आळीपाळीने हात धरला. प्रत्येक डोळ्याला दोरी दिसत होती. दोन्ही उघडे ठेवले की एक गायब. दुहेरी दिसण्याचा त्रास टाळायला मेंदूने एका डोळ्याचं चित्र सरळ बंद करून टाकलं होतं. बाई म्हणाल्या, दोरी जराशी हलव, पापण्या मिटून उघड. त्याने हलवली. "आली." मग, "गेली." मग पुन्हा, "आली, आली, थांब बोलू नका!"

त्या खोलीत मी पाहिलेलं सर्वांत खरं काही असेल तर ते हे 'आली-गेली'. नंतर कुणी मला व्हिजन थेरपी म्हणजे निव्वळ थोतांड असं ऐकवलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती दोरी होती. ह्या विषयावर वाचायला लागलं की सुझन बॅरी भेटतातच. अमेरिकेतल्या माउंट होलिओक कॉलेजात मेंदूशास्त्र शिकवणाऱ्या ह्या बाई तान्हेपणापासून तिरळ्या होत्या. लहानपणी शस्त्रक्रिया झाल्या, डोळे सरळ दिसायला लागले, पण दोन्ही डोळ्यांनी मिळून कधी बघितलंच नव्हतं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी थेरपी घेऊन त्यांना पहिल्यांदा वस्तूंमधली खोली, म्हणजे काय पुढे आणि काय मागे ते, दिसलं. गाडीचं स्टिअरिंग डॅशबोर्डच्या पुढे हवेत आल्यासारखं दिसलं. वय उलटून गेल्यावर दोन डोळ्यांचं हे सख्य जमत नाही असं तोवर पाठ्यपुस्तकांत होतं.

घरी करायचा व्यायाम मात्र महाकंटाळवाणा. रोज पंधरा मिनिटं, आणि त्यातली निम्मी भांडणात. एक व्यायाम असा: भिंतीवर अक्षरांचा मोठा तक्ता, हातात त्याचाच छोटा, एक ओळ भिंतीवरची वाचायची आणि एक हातातली, म्हणजे नजर लांब-जवळ लांब-जवळ करत राहते. तक्ता इंग्रजी अक्षरांचा होता. बंड्या मराठी शाळेतला. त्याला इंग्रजी अक्षरं आठवण्यातच दम लागायचा. मी रात्री बसून देवनागरी तक्ता जुळवला. दहा आडव्या, दहा उभ्या ओळी, काना-मात्रा नसलेली अक्षरं. घ-ध आणि भ-म ह्या जोड्या शेजारी येणार नाहीत ह्याची काळजी घेतली, ष काढून टाकला, ळ मुद्दाम जास्त घातला, कारण ळ बंड्याला आवडतो. बाईंनी तो तक्ता मागून घेतला आणि इतर मुलांनाही लावला. माझ्या जुळणीची एवढी कदर कुठल्या प्रकाशकाने केलेली नाही.

काही महिन्यांत काडी पार नाकाजवळ येईपर्यंत डोळा सुटेनासा झाला. डोकेदुखी थांबली. ओळ गाळणं बरंच कमी झालं. इथवर सगळं छान.

खरी गोम पुढे आहे. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत एक फलक होता. त्यावर वाचन, एकाग्रता, हस्ताक्षर, गणित, आत्मविश्वास आणि एका कोपऱ्यात बॅट घेतलेला मुलगा. पहिलं पॅकेज संपत आलं तेव्हा समुपदेशक म्हणवणाऱ्या एका तरुणाने आम्हाला बसवून घेतलं आणि सांगितलं की डोळे आता तयार झालेत, ह्यापुढची पायरी शिकण्याची आहे, त्यासाठी दुसरं पॅकेज. रक्कम पहिल्यापेक्षा मोठी. वहिनीने पर्सकडे हात नेला सुद्धा. मूल मागे पडत असलं की आईबापांचा हात फार लवकर पर्सकडे जातो, आणि हे त्या फलकाला पक्कं माहीत असतं.

मी म्हटलं, आठवडाभर थांबू. वाचणं हा माझा धंदाच आहे, म्हणून वाचायला बसले.

ह्या एका दोषावर, म्हणजे डोळे आत न वळण्यावर, अमेरिकेत एक नेटकी चाचणी झाली आणि २००८ साली ती प्रसिद्ध झाली. ९ ते १७ वयाची २२१ मुलं, चार गट, १२ आठवडे. एका गटाने घरी फक्त पेन्सिल नाकाजवळ आणण्याचा व्यायाम केला, दुसऱ्याने त्याच्या जोडीला घरीच संगणकावरचा, तिसऱ्याने दवाखान्यात जाऊन थेरपी घेतली आणि घरी तिची उजळणी केली. चौथ्या गटाला दवाखान्यात खोटी थेरपी दिली; दिसायला हुबेहूब खरी, पण डोळ्यांना ताण न देणारी. त्यातल्याही बहुतेक मुलांना आपला उपचार खराच आहे असं वाटत होतं. दवाखान्यातल्या खऱ्या थेरपीने ७३ टक्के मुलं बरी झाली किंवा सुधारली. नुसत्या पेन्सिलीने ४३ टक्के, संगणकाच्या गटात ३३, आणि खोट्या थेरपीने ३५. म्हणजे खऱ्या थेरपीत दम आहे. आणि खोट्यानेही तिसऱ्या हिश्शाहून जास्त मुलं सुधारली हेही तेवढंच लक्षात ठेवायला हवं. कुणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय, आठवड्यातून एकदा शाबासकी मिळतेय, एवढ्यानेही मूल सावरतं. 'आमच्या मुलाला फरक पडला' असं सांगणाऱ्या आयांवर मी अविश्वास दाखवत नाही, पण तो फरक कशाने पडला हे त्यांना आणि मला कळायला मार्ग नाही.

त्याच मंडळींनी पुढचा प्रश्नही विचारला, आणि त्याबद्दल मला त्यांचं फार कौतुक आहे. डोळे सुधारले की मूल वाचायलाही लागतं का? ह्या वेळी ९ ते १४ वयाची ३११ मुलं, १६ आठवडे, पुन्हा खरी थेरपी विरुद्ध खोटी. निकाल २०१९ साली आला. डोळे वळवण्याची ताकद खऱ्या गटात स्पष्ट जास्त वाढली. वाचलेलं समजण्याची क्षमता मात्र दोन्ही गटांत सारखीच वाढली. खऱ्या थेरपीने तिथे काही जास्तीचं दिलं नाही. ज्यांना आपली थेरपी सिद्ध करायची हौस होती त्यांनीच हे छापलं.

हा निकाल त्या फलकावर कुठेही नव्हता.

खरं तर ह्या गोष्टीची सुरुवातच डोळ्यांच्या डॉक्टरांपासून झालेली आहे. ग्लासगोचे नेत्रशल्यचिकित्सक जेम्स हिन्शेलवुड ह्यांनी १८९५ साली 'शब्दांधत्वा'वर लिहिलं; डोळे शाबूत असून छापील शब्द ओळखता न येणं. ते वाचून इंग्लंडमधले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन ह्यांना आपल्याकडचा एक मुलगा आठवला. १८९६ साली त्यांनी त्याची हकीकत छापली. पर्सी, वय १४, चलाख, खेळांत चपळ, अंकगणित आवडणारा. दृष्टी चांगली. पण स्वतःचं नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल करायचा. त्याला काही वर्षं शिकवणारे मास्तर म्हणत, सगळं शिक्षण तोंडी असतं तर शाळेत सर्वांत हुशार हाच ठरला असता. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मास्तरांचं हे वाक्य वाचून मला बंड्याच्या बाई आठवल्या आणि मी तेवढ्यावरच थांबले.

डोळ्यांत दोष नाही, तरी वाचता येत नाही. डिस्लेक्सियाची ओळखच इथून झाली. पुढच्या शतकात संशोधन जसजसं वाढलं तसतसं बोट ध्वनीकडे वळलं: शब्दातले सुटे आवाज ओळखणं, ते अक्षराशी जोडणं, ते झटकन आठवणं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ साली एकत्र निवेदन काढून सांगितलं की डोळ्यांचे व्यायाम किंवा रंगीत काचा ह्यांनी डिस्लेक्सिया सुधारतो ह्याला पुरावा नाही. ऑप्टोमेट्रीतल्या लोकांनी त्यावर रागावून उत्तरं दिली. डोळे नीट काम करत नसतील तर शिकण्यात अडथळा येणारच, तेवढा तरी काढून टाकू द्या, हे त्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं. पण अडथळा काढणं वेगळं आणि शिकवणं वेगळं, आणि पॅकेज विकणाऱ्याने ही दोन्ही एकाच पावतीवर लिहिली की माझी पट्टी तिथे थांबते.

हस्ताक्षर, चेंडू, बुटाची नाडी ह्यांचंही तेच. बंड्या जरा धसमुसळा आहे. पेला ठेवायला जातो आणि टेबलाच्या कडेवर ठेवतो, झेल घ्यायला हात मिटतो तेव्हा चेंडू छातीवर आपटलेला असतो. दोन्ही डोळे जुळत नसतील तर खोलीचा अंदाज चुकतो आणि झेलही सुटतो, हे खरं. पण शाळेतल्या पाच-सहा टक्के मुलांत हालचालींचा मेळच उशिरा आणि कष्टाने बसतो. डोळे कितीही चांगले असले तरी. त्यांच्यासाठी तोलाच्या फळीवर उभं राहून चेंडूवरची अक्षरं वाचण्यापेक्षा जी गोष्ट येत नाही तीच बारीक तुकडे करून शिकवणं जास्त उपयोगी, असा अलीकडच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींचा कल आहे. नाडी बांधायची असेल तर नाडीच बांधा. सायकल हवी असेल तर सायकलच. ह्यात विकण्यासारखं फारसं काही नसल्यामुळे ते फलकावर येत नाही.

आमच्याकडे घरगुती सल्ल्यांनाही तोटा नव्हता. गाजर. दुधात बदाम. पहाटे दवावर अनवाणी चालणं. मेणबत्तीवर त्राटक. चष्मा कायमचा घालवणारे व्यायाम, ज्यांची जाहिरात शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या विल्यम बेट्सपासून चालू आहे. डोळ्याचा गोळा लांबट असल्याने येणारा नंबर कुठल्याही व्यायामाने जात नाही, तरी फॉरवर्ड थांबत नाहीत. शेजारच्या काकूंनी सांगितलं की डोळा थोडा बाहेर जातो तो भाग्याचा, त्याला हात लावू नका. आईचा उपाय सागरगोटे. 'आम्ही सागरगोटे खेळलो, लगोरी खेळलो, आमच्यात कुणाला असलं काही झालं नाही.' झालं होतं, आई. तुझाच चुलतभाऊ सातवीतून शाळा सोडून पेढीवर बसला, आणि जमाखर्चाची वही शेवटपर्यंत दुसऱ्याकडून वाचून घेत होता. त्याला सगळे ढ म्हणत. सागरगोट्यांत तो पटाईत होता हे तूच सांगतेस.

मुंबईच्या उपनगरात राहतो म्हणून आम्हाला एवढं तरी करता आलं, हे मला विसरता येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तो आपल्या पालघरमधून. शाळा-अंगणवाड्यांत जाऊन मुलांची तपासणी करायची ही योजना, आणि तिच्या यादीत दृष्टिदोषही आहे, शिकण्यातल्या अडचणीही आहेत. कागदावर सगळं आहे. पण शाळेच्या व्हरांड्यात तक्ता लावून जी तपासणी होते तिच्यात लांबचं कमी दिसणारी मुलं सापडतात, बंड्यासारखी नाही. तमिळनाडूतल्या शहरी आणि ग्रामीण शाळांत चेन्नईच्या शंकर नेत्रालयाच्या अभ्यासकांनी दोन डोळ्यांच्या एकत्र कामाची तपासणी केली, तेव्हा साधारण तीस टक्के मुलांत काही ना काही उणं निघालं, आणि त्यात डोळे आत न वळण्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं. हा आकडा मला जरा चढा वाटतो. सीमारेषा कुठे आखली ह्यावर तो बदलणार. निम्मा धरा. चाळीसच्या वर्गात सहा मुलं. त्या प्रत्येकाला थेरपी लागेल असं नाही. पण एक काडी आणि दोन मिनिटं, एवढं तर आरोग्य पथकाला जमण्यासारखं आहे. सहा मीटरची जागासुद्धा लागत नाही.

दुसरं पॅकेज आम्ही घेतलं नाही. त्याऐवजी बंड्याला महापालिकेच्या रुग्णालयात शिकण्यातल्या अडचणींच्या तपासणीला नेलं. रांग मोठी, तारखा लांबच्या, पण तिथल्या मानसशास्त्रज्ञ बाईंना घाई नव्हती. त्यांनी त्याच्यासमोर एक कागद ठेवला. त्यावर कशालाच अर्थ नसलेले शब्द: लपुटी, गमोरा, तसले. अर्थ नाही म्हणजे अंदाजाने वाचता येत नाही. अक्षर आणि आवाज जोडूनच पुढे जावं लागतं. आता डोळे जागेवर होते, अक्षरं स्थिर होती, आणि तरीही बंड्या 'गमोरा'पाशी अडला. ग म्हणाला, म म्हणाला, ओकाराकडे बघत बसला आणि मग शांतपणे 'मोगरा' वाचलं. बाईंनी फक्त खूण केली. पुढचे काही कागद बघून मलाही अंदाज आला. त्याला दोन वेगळ्या अडचणी होत्या. एक गेली होती. दुसरी पहिलीच्या मागे उभी होती.

त्याचा फायदा असा झाला की आता कुणाकडे काय मागायचं हे कळलं. प्रमाणपत्र मिळालं, परीक्षेत जादा वेळ मिळतो, पुढे बोर्डातही सवलती आहेत. शाळेच्या बाईंना मी कागद दाखवले, काडीची गोष्ट सांगितली. त्यांनी बोट ठेवून वाचायला परवानगी दिली आणि माझ्याकडून एक लाकडी पट्टीही मागून घेतली. शनिवारी एक रेमेडियल शिक्षिका येतात. त्या त्याला टाळ्या वाजवत शब्द तोडायला लावतात, रव्यात बोटाने अक्षर काढायला लावतात, रफार आधी ऐकायचा आणि मग वर द्यायचा हे पुन्हा पुन्हा घोकून घेतात. चालणं हळू आहे. शुद्धलेखनाचं तर विचारू नका. माझ्याच भाच्याची वही मला तपासायला मिळते आणि पेन खाली ठेवावं लागतं.

परवा शनिवारची शिकवणी संपल्यावर बंड्या माझ्याकडे येऊन फुगून बसला. म्हणाला, "ती दोरीची थेरपी केली ना, ती चूकच झाली. आधी डोकं दुखतंय म्हटलं की पुस्तक मिटता यायचं. आता दुखतच नाही, काय सांगू?"

पोट दुखतंय सांगून बघ, म्हटलं. आजीला ते लगेच पटतं.